दारातून पाहिलेला माणूस

चौथ्या प्रश्नाशी येऊन तिचं पेन अडलं. वरचे तीन तिने सरावाने भरून टाकले होते: नाव आणि हुद्दा; एकूण सेवा, एकतीस वर्षं; घटनेची तारीख आणि वेळ. हात आपसूक चालला होता, रोज चार्टवर चालतो तसा. चौथा प्रश्न असा होता: ‘रुग्णाच्या प्रकृतीविषयी आपण जो निष्कर्ष काढला, त्याचा आधार काय?’ खाली चार रेघा. आधार चार रेघांत मावतो असं हा कागद छापणाऱ्याला वाटलं असेल. किंवा त्याला काहीच वाटलं नसेल, तेवढीच जागा उरली असेल. ती वॉर्डामागच्या कपड्यांच्या खोलीत, चादरींच्या कपाटाला पाठ टेकून स्टुलावर बसली होती. मेट्रनने हा चौकशीचा कागद भरायला तासाभराची मुदत दिली होती. बाहेरून जेवणाची गाडी खडखडत गेली, आणि सकाळपासून ठणकणाऱ्या तिच्या टाचा आता बसल्यावर जास्तच ठणकायला लागल्या. उभं असताना दुखणं पायांत असतं; बसलं की ते वर मान करून आपल्याकडे बघायला लागतं.

परवाची गोष्ट. बाजूच्या खोलीत, अकरा नंबरच्या बेडवर आतड्याचं ऑपरेशन झालेला साठीचा एक गृहस्थ होता. ऑपरेशनचा तिसरा दिवस. सकाळी अकराच्या सुमाराला धाकटी तिच्याकडे आली. धाकटी म्हणजे वॉर्डातली सगळ्यात नवी सिस्टर. येऊन दहा महिने झालेले, अजून कायम न झालेली, बोलायच्या आधी एकदा आवंढा गिळणारी. “मोठ्या सिस्टर, अकरा नंबरची नाडी एकशेआठ आहे, श्वास चोवीस. लघवी पण कमी झालीय. तक्त्यावर पाच गुण होतायत. पाच झाले की डॉक्टरांना बोलवा असं लिहिलंय.” ती तेव्हा तीन नंबरचं ड्रेसिंग उरकून येत होती. अकरा नंबरच्या खोलीच्या दारात उभं राहून तिने आत पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, चादर खांद्यावर ओढलेली, चहा तसाच गार होऊन साय धरलेला. चार्टवर ताप नव्हता. “काही झालेलं नाही त्याला,” ती म्हणाली. “रुसलाय. तिसऱ्या दिवशी रुसतात पुरुषमाणसं. आपला शिंपी नव्हता का, तो अगदी असाच...” मग तिच्या लक्षात आलं, शिंपी येऊन गेला तेव्हा धाकटीचा जन्मसुद्धा झाला नव्हता. “पडू दे जेवणापर्यंत. उगाच डॉक्टरला वर आणून बसवू नकोस.” धाकटी बरं म्हणाली. अडीच वाजता ताट उचलायला गेलेल्या मावशी पळत आल्या, म्हणाल्या, अकरा नंबर घामाने न्हालाय, हाक मारली तर बघत नाही. आतड्याचा जोड सुटला होता. पोटात सगळीकडे विष पसरलं होतं. साडेतीन तास गेले होते मध्ये. आता तो खाली आयसीयूत होता. आज सकाळी घशातली नळी काढली असं कोणीतरी सांगितलं, वाचेल म्हणतात. ती अजून खाली गेली नव्हती. पाय धजावत नव्हते म्हणण्यापेक्षा, गेल्यावर आपण तिथे कोण म्हणून उभं राहायचं ते तिला ठरवता येत नव्हतं.

निष्कर्षाचा आधार काय? शिंपी. खरं उत्तर एवढंच होतं आणि ते लिहिता येण्यासारखं नव्हतं. तिच्या डोक्यात आजार नव्हते, माणसं होती. हे तिचं तिलाही पुष्कळ उशिरा कळलं. शिकताना पाठ केलेल्या लक्षणांच्या याद्या परीक्षेच्या दिवसापर्यंत टिकल्या, मग पाण्यात साखर जावी तशा विरघळल्या. आणि त्यांच्या जागी हळूहळू एकेक माणूस येऊन बसला. आतल्या आत रक्त जायला लागतं तेव्हा काय होतं, असं कोणी विचारलं तर तिला पोस्टमन दिसायचा. तो सारखा जांभया देत होता, आणि दर दोन मिनिटांनी किती वाजले विचारत होता, जणू त्याची टपालगाडी सुटणार होती. साखर उतरली की गणिताच्या बाई. एरवी फटकळ, पण साखर उतरायला लागली की एकदम मर्यादेने बोलायला लागायच्या, ‘आपण बसा ना’ म्हणायच्या, आणि पंधरा मिनिटांत बेशुद्ध. फुप्फुसात गुठळी गेली की पोहायला शिकवणारे मास्तर. ते बेडच्या काठावर पाय सोडून बसले होते आणि अगदी शांतपणे म्हणाले होते, सिस्टर, मला काहीतरी होतंय. तेव्हापासून कोणी पेशंट विनाकारण पाय सोडून बसलेला दिसला की ती हातातलं काम टाकून आधी त्याच्याकडे जायची. ही माणसं रांगेत उभी नव्हती. त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या नव्हत्या. नवा पेशंट आला की त्यांच्यातलं कोणीतरी आपणहून पुढे व्हायचं आणि म्हणायचं, हा माझ्यातला.

याची सुरुवात आत्याबाईंनी केली. आत्याबाई या तिच्या पहिल्या वॉर्डातल्या मुख्य सिस्टर. नाव त्यांचं वेगळंच होतं, पण सगळ्यांना भाच्यांसारखं धाकात ठेवायच्या म्हणून आत्याबाई. पहिल्याच महिन्यात त्यांनी विचारलं होतं, “पायांवर सूज आलेली तीन माणसं सांग.” तिने कारणं सांगायला सुरुवात केली: हृदय, मूत्रपिंड, यकृत. आत्याबाईंनी हातातली चिमट्यांची ताटली खाली ठेवली. “कारणं छापलेली आहेत ग बाई. मी माणसं विचारली. सकाळपासून बारा बेड फिरलीस, तीन माणसं नाही सांगता येत? मग फिरलीस कशाला, नुसती चपला झिजवायला?” ती रडली होती तेव्हा, याच असल्या एका कपड्यांच्या खोलीत, चादरींचा तो गरम, इस्त्रीचा वास नाकात घेऊन. मग तिने माणसं गोळा करायला सुरुवात केली. प्रत्येकाला धंदा विचारायचा, कारण नावं सारखी असतात पण हातांची सवय सारखी नसते. कोण उशी कशी घेतो, कोण दुखलं की ओरडतो आणि कोण दुखलं की विनोद करतो. वॉर्डात शिरण्याआधी नळावर हात धुताना ती मनातल्या मनात एक ओळ म्हणायची, आजही म्हणते: मला नीट दिसू दे. बस, एवढंच. एकतीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. परवासुद्धा म्हटली होती. म्हणताना मात्र मनात दुसरंच चाललं होतं. उद्या सुट्टी आहे, उद्या आठपर्यंत झोपायचं.

घरी वन्सं असतात. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, पण त्याची थोरली बहीण आधीपासून यांच्याकडे राहायची ती राहिलीच. दोन खोल्यांत दोघी बायका. वन्संनी एकदा तिच्या माघारी स्वयंपाकघर लावून काढलं. उंचीप्रमाणे डबे, मोठ्यापासून लहानापर्यंत, पाहणाऱ्याला वाटावं फोटो काढायला उभे केलेत. आठवडाभर तिने चहात मीठ घातलं. शेवटी ती चिडली तेव्हा वन्सं म्हणाल्या, “अगं, तुझं लावणं म्हणजे काय होतं? काडेपेटीशेजारी मीठ, मिठाशेजारी गाळणं, कात्री चहाच्या डब्यात. काही मेळ आहे?” होता ना मेळ. सकाळी साडेपाचला अर्धवट झोपेत हात ज्या क्रमाने जातो तो मेळ. पण तो सांगायला गेलं की हास्यास्पद वाटतो. तिने डोक्यातली माणसंही अशीच ठेवली होती, हात जाईल तशी. पोस्टमनशेजारी गणिताच्या बाई का, तर दोघांनाही धावत जाऊन वाचवायला लागतं म्हणून; आजार वेगळे असले तरी धावणं एकच. वन्संना ती हे सगळं कधीमधी सांगायची. वन्सं एकदा पाय दाबून घेता घेता म्हणाल्या, “आणि मी आजारी पडले की मी कोण? मला कोणाच्या खात्यात घालशील?” ती म्हणाली, “वन्सं, तुमच्यासारखं अजून कोणी आलंच नाही वॉर्डात.” वन्सं यावर बराच वेळ खूश होत्या. परवा संध्याकाळी मात्र तिने झालेलं सांगितलं, तेव्हा वन्संनी टीव्हीचा आवाज पार कमी केला आणि एवढंच विचारलं, “त्याच्या अंगाला हात लावला होतास का ग?” वन्संनी आवाज पुन्हा वाढवला नाही. मुकी माणसं टीव्हीवर कितीतरी वेळ तोंडं हलवत राहिली.

मागच्याच महिन्यात सगळे तिला वाखाणत होते. सहा नंबरची म्हातारी. नाडी बरोबर, बीपी बरोबर, तक्त्यावर शून्य. आणि म्हातारीने जांभई दिली. त्यानंतर दोनच मिनिटांनी विचारलं, वाजले किती. हिने तरुण डॉक्टरला फोन केला. तो वर आला, चार्ट पाहिला, म्हातारीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “कशावरून म्हणता, मोठ्या सिस्टर? आकडे तर झकास आहेत.” पोस्टमनवरून म्हणते, हे कसं सांगायचं? “बरी दिसत नाही,” ती म्हणाली. “एवढंच?” “एवढंच. पण तपासा.” तो चांगला मुलगा होता, कुरकुरत का होईना त्याने तपासलं, आणि जठरातून रक्त जात होतं. मग तोच जेवणाच्या खोलीत सांगत सुटला, मोठ्या सिस्टरना वास येतो, आपल्याला यंत्रं लागतात. धाकटीने त्या दिवशी कौतुकाने विचारलं होतं, “मला शिकवाल हे?” आणि ती हसली होती, म्हणाली होती, “तीस वर्षं थांब.” त्या हसण्याच्या आठवणीने आता तिला शिसारी आली. वास येतो म्हणे. कुत्र्याला वास येतो. तिला वास येत नव्हता. तिला आठवत होतं. आणि आठवण थकलेल्या माणसाजवळ कशी येते? सगळ्यात खरी असते ती येत नाही. सगळ्यात जवळ असते ती येते. परवाचा दिवस तिचा सलग सहावा होता. दोन सिस्टर आजारी, एकीचं बाळंतपण. ती दारात उभी राहिली तेव्हा पाठमोरा माणूस दिसला, भिंतीकडे वळलेला, न घेतलेला चहा, आणि शिंपी लगेच पुढे झाला; हा माझ्यातला, काळजी नको, जा तू. तिला बरंच वाटलं. खरं म्हणजे शिंप्याने पुढे व्हावं अशीच तिची इच्छा होती, कारण शिंपी म्हणजे काही करावं न लागणं.

आणि तो खरा शिंपी? त्याच्याजवळ ती तासभर बसली होती. चोवीस वर्षांपूर्वी. तिसऱ्याच दिवशी त्यानेही भिंतीकडे तोंड केलं होतं, खाणंपिणं बंद, नाडी जलद. ती तेव्हा घाबरली होती. तिने त्याच्या पोटावर हात ठेवला होता, ते मऊ होतं. जीभ पाहिली होती, ओली होती. हात गरम आणि कोरडे होते. सगळं पाहून झाल्यावरही ती उठली नव्हती, बोलत बसली होती, आणि शेवटी तो बोलला: दुकानातला त्याचा जोडीदार तीन दिवसांत एकदाही भेटायला आला नव्हता. सतरा वर्षं समोरासमोर बसून मशीन चालवलं, सिस्टर, सतरा वर्षं. मग ती निःशंक मनाने म्हणाली होती, रुसलाय. म्हणजे ‘रुसलाय’ हा शब्द तेव्हा तासाभराने, पोटावर हात ठेवून मिळवलेला होता. परवा तिने तो नुसता उचलून वापरला. मऊ पोट विसरलं, ओली जीभ विसरली, जोडीदारही विसरला. भिंतीकडे वळलेली पाठ तेवढी लक्षात राहिली. आत्याबाईंनी हे पाहिलं असतं तर चिमट्यांची ताटली खाली ठेवली असती का? नसती ठेवली. काहीच न बोलता पुढच्या बेडकडे गेल्या असत्या.

दार उघडलं आणि धाकटी दिसली. चादर न्यायला आली होती, किंवा चादरीचं निमित्त करून. तिला स्टुलावर बसलेली पाहून ती उंबऱ्यातच घुटमळली.

“ये ना. मी काही खात नाही तुला.”

“चार नंबरला चादर हवी होती.”

“खालच्या कप्प्यात. वरच्या फाटक्या आहेत.” मग ती म्हणाली, “तू तुझ्या कागदावर काय लिहिलंस, ते मला मेट्रनबाईंनी सांगितलं.”

सकाळी कागद हातात देतानाच मेट्रनने सांगितलं होतं. मेट्रन तिच्याच तुकडीतली, एका खोलीत राहून शिकलेल्या दोघी, त्यामुळे एकांतात अगं-तुगं. “हे बघ, पोरीने स्वतःच लिहून दिलंय, मोठ्या सिस्टरना कळवायचं माझ्याकडून राहून गेलं. चार्टवर तिने आकडे लिहिलेत, कळवल्याची नोंद नाही. आणि पाच गुणांना ती स्वतः फोन करू शकत होती, नियमच आहे तसा. तू फक्त लिही, कळवण्यात आलं नाही. दोन वर्षं राहिलीत तुझी. या वयात भांडार सांभाळायला जाणार आहेस का, कापूस मोजायला?” “आणि तिचं?” “तिचं काय, लहान आहे. कायम होणं लांबेल. फार तर दुसरीकडे बघेल.” हे बोलताना मेट्रन टेबलावरच्या काचेखालचा कुठला तरी कागद बोटाने सरळ करायला बघत होती, जो काच उचलल्याशिवाय सरळ होणार नव्हता.

धाकटी चादर छातीशी धरून उभी होती. “खरंच राहून गेलं,” ती म्हणाली. “म्हणजे, मी सांगितलं, पण नीट नाही सांगितलं. मी अजून एकदा म्हणायला हवं होतं.”

“अजून एकदा म्हणाली असतीस तर मी तुला फाडून खाल्लं असतं.”

“हो,” धाकटी म्हणाली, आणि दोघींना थोडंसं हसू आलं, जे लगेच आटलं. “पण मग खाल्लं असतं तर खाल्लं असतं. मला तेव्हा वाटलं, तुम्हाला दिसतंय ते मला दिसत नाहीये. मी परत आत जाऊन बघितलं पण. म्हटलं, रुसलेला माणूस कसा असतो ते बघून ठेवू. पुढे उपयोगी पडेल.”

हे ऐकून तिच्या हातातला कागद खरोखरच जड झाला. पोरीने त्या माणसाकडे पाहिलं होतं, आणि त्याचा सुटलेला जोड, त्याचा जलद श्वास, त्याचा घाम यायच्या आधीचा फिका चेहरा, हे सगळं ‘रुसवा’ म्हणून मनात ठेवून दिलं होतं. तिच्या पहिल्या काही माणसांपैकी एक, आणि तोच चुकीच्या जागी. आता आपणही कागदावर लिहिलं की कळवण्यात आलं नाही, तर तो तिथेच राहील. वीस वर्षांनी कुठल्या तरी दारात उभी राहून ही पोर कोणाला तरी पाहील आणि म्हणेल, काही नाही, रुसलाय. कायम होईल न होईल, ते पुढचं. “ते विसर,” ती म्हणाली. “तो रुसलेला नव्हता. तू पाहिलास तो माणूस मरायला लागलेला होता. तसा ठेव त्याला. कळलं? रुसलेला म्हणून नको ठेवूस.” धाकटी मान हलवून गेली. जाताना दार लावायचं विसरली. वॉर्डातली घंटा, खोकला, कोणाच्या तरी फोनची धून, सगळं आत येत राहिलं. तिने उठून दार लावलं नाही. लिहायला घेतलं.

चार रेघा शिंप्यातच संपल्या. मग ती कागदाच्या पाठीमागे गेली. मला अकरा वाजता कळवण्यात आलं होतं. नाडी, श्वास, लघवी, तिन्ही. डॉक्टरांना बोलवू नकोस असं मी सांगितलं. मी खोलीत गेले नाही, दारातून पाहिलं. आणि मग तिला ते वाक्य लिहावं लागलं, जे कुणालाच माहीत नव्हतं आणि न लिहिलं असतं तर कुणाला कळणारही नव्हतं. साडेदहाला, भेटायची वेळ संपताना, त्या गृहस्थांच्या बायकोने तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं होतं. बारीक अंगाची, पर्स दोन्ही हातांनी धरलेली बाई. म्हणाली, सिस्टर, हे असे नसतात हो. तिने उत्तर दिलं होतं, “घरी नसतील. इथे आले की सगळे नवरे असेच होतात.” बाई कसनुशी हसली होती. हे असे नसतात. छत्तीस वर्षं शेजारी झोपलेल्या बाईने एका वाक्यात सगळा तपास हातात ठेवला होता. शिंप्याला कोणी बायकोच नव्हती, त्यामुळे त्याच्या खात्यात असलं वाक्य नव्हतं, आणि खात्यात नसलेलं तिला ऐकूच आलं नाही. तिने तसंच लिहिलं; अक्षर शेवटी शेवटी लहान होत गेलं.

मेट्रनने चष्मा लावून वाचलं. एकदा वाचलं, मग मागची बाजू पुन्हा. “हा शिंपी कोण?”

“होता एक.”

“हे असं वर पाठवू मी? लोक म्हणतील बाईचं डोकं फिरलंय.” मेट्रनने चष्मा काढला. तिचेही डोळे थकलेले होते. एकेकाळी याच डोळ्यांनी एका पुस्तकातून दोघी वाचत होत्या. “भांडारात टाकतील तुला. वॉर्ड सुटेल, अगं.”

“सुटू दे. मला वाटतं, माझं बघून झालंय.”

“झालंय म्हणे. मग बाकीच्यांनी कोणाला विचारायचं?”

“तिला विचारा. तिने आकडे घेतले होते. पोरीला नीट दिसतं, तिला फक्त माझ्यासारखं बघायचं होतं.” मेट्रनने कागद घेतला आणि फायलीत न ठेवता नुसता टेबलावर ठेवला. “संध्याकाळपर्यंत माझ्याकडे आहे,” ती म्हणाली. “बदलायचं असेल तर ये.”

ती जिना उतरून खाली गेली. लिफ्ट समोर उघडी होती तरी जिना घेतला, एकेक पायरी, टाचांना विचारत. आयसीयूबाहेरच्या बाकावर ती बारीक बाई बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर हात. तिला पाहून सवयीने उठायला लागली. “बसा, बसा,” ती म्हणाली, आणि स्वतः शेजारी बसली. कसं बोलायचं ते तिने पायऱ्यांवर जुळवलं होतं, ते सगळं बसल्याबरोबर गेलं. “तुम्ही मला सांगितलं होतं, हे असे नसतात म्हणून. मी थट्टेवारी नेलं. मी ऐकायला हवं होतं.”

बाईने पर्सची चेन उघडली, आत काहीच न बघता पुन्हा लावली. “मला वाटलं, तुम्हाला जास्त कळतं,” ती म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर सोसायला सोपा गेला असता. मग बाई म्हणाली, “आत जाणार असाल तर डाव्या बाजूने बोला. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं.” हेही तिला माहीत नव्हतं. तीन दिवस तिच्या वॉर्डात होता तो.

ती आत गेली, हात धुतले, आणि या खेपेला बेडपर्यंत गेली. डाव्या बाजूने. तिने त्याच्या मनगटावर बोटं ठेवली. पडद्यावर आकडा हिरवा लुकलुकत होता तरी ठेवली. कातडी कोमट होती, नखं किंचित निळसर, अंगठ्यावर जुन्या भाजल्याचा डाग. ती वाट पाहत राहिली, पण कोणी पुढे झालं नाही. ना पोस्टमन, ना शिंपी, ना मास्तर. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यासमोरचा माणूस एकटाच होता, आणि तिला त्याच्याविषयी काहीएक माहीत नव्हतं. तिला भीती वाटली. मग भीतीमागून एक प्रकारचा हलकेपणा आला, जो थकव्याहून फार वेगळा नव्हता.

त्याने डोळे उघडले. घसा नळीने सोलून निघालेला, आवाज खरखरीत. “वरच्या सिस्टर ना तुम्ही?”

“हो.” आणि ती पुढचं बोलणार तोच त्याने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

“तुमच्या चपलांचा आवाज ओळखू येतो. त्या दिवशी दारात आला होतात. मी हात वर केला होता.”

दारातून दिसलेलं तिच्यापुढे पुन्हा उभं राहिलं. पाठ, चादर, साय धरलेला चहा. आणि चादरीखालून वर आलेला एक हात, मनगटातून एकदाच हललेला. होता. तिने पाहिला होता. शिंपी असाच हात हलवायचा, जा, मला एकटं सोडा, म्हणून. त्यामुळे तो हात तिने पाहिल्यापाहिल्या शिंप्याला देऊन टाकला होता आणि हे दोन दिवस तो आपण पाहिला हेसुद्धा तिला आठवलं नव्हतं. “बोलवत होतात,” ती म्हणाली. तिला हे विचारायचं होतं, पण वाक्य विचारल्यासारखं निघालं नाही.

“बोलायला जमत नव्हतं,” तो म्हणाला. “म्हटलं, हात बघून याल.” मग दमून त्याने डोळे मिटले. ती त्याचं मनगट धरून उभी राहिली, तिथली सिस्टर येऊन पुरे म्हणेपर्यंत.

मेट्रनच्या खोलीचं दार उघडं होतं. कागद टेबलावर तिथेच होता. तिला पाहून मेट्रनने तो तिच्याकडे सरकवला. चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. “आलीस ना? मला वाटलंच होतं. नवा कोरा देऊ का?”

“नको. यालाच एक ओळ जोडायचीय.”

“आता आणखी काय राहिलं?”

पाठीमागची बाजू भरली होती. तिने कागद आडवा केला आणि समासात, खुर्चीवर न बसता, उभ्याउभ्याच लिहिलं: रुग्णाने हात वर करून मला बोलावलं होतं. तो मला जा म्हणतोय असं मी समजले, आणि गेले.